आडवी चीर

“मॅडम, हे गोल नाहीये,” गुंजन म्हणाली, आणि कुंदा तिच्या टेबलाकडे वळली ती तिची चूक दुरुस्त करायलाच. यवतमाळच्या या कॉलेजात शरीररचना शिकवायला लागून तिला सव्वीस वर्षं झाली होती. पुस्तकातलं चित्र आणि टेबलावरचं शरीर यांचा मेळ बसला नाही की पहिल्या वर्षाची मुलं बिथरतात, हे तिला पाठ होतं. आज ओटीपोटाच्या आतला भाग होता. चार नंबरच्या टेबलावर एका म्हाताऱ्या बाईचं, देहदानातून आलेलं शरीर. योनिमार्गाची भिंत उघडून मुलांनी गर्भाशयाचं मुख मोकळं केलं होतं. सकाळी फळ्यावर कुंदाने दोन आकृत्या काढल्या होत्या. मूल न झालेल्या बाईचं मुख गोल, बारीक ठिपक्याएवढं. मूल झालेल्या बाईचं आडवं, ओठ मिटल्यासारखं. चार नंबरच्या कार्डावर तिच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, वय त्र्याहत्तर, प्रसूती नाही. म्हणून तिने आधीच सांगून ठेवलं होतं, गोल बघायचं असेल तर चार नंबरवर जा. ती वाकली. गुंजनने चिमट्याने कड धरून ठेवली होती, पुसदची ही मुलगी पहिल्या दिवशी दारातच चक्कर येऊन बसली होती आणि आता तिचा हात जराही हलत नव्हता. गोल नव्हतं. वयाने आक्रसलेलं, आवळ्याएवढं उरलेलं ते गर्भाशय, आणि त्याच्या तोंडाशी सरळ आडवी चीर. डाव्या बाजूला ती कडेपर्यंत गेलेली होती, फाटून आपोआप भरून आलेल्या जागेचा टणक पांढुरका वण होता. कुंदाने स्वतःचं बोट त्यावरून फिरवलं. हातमोज्यातूनही तो कळला.

“बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली. “कार्ड चुकलंय. तुला दिसतं ते लिही.”

“म्हणजे यांना मूल झालं होतं, मॅडम?”

“पूर्ण दिवसांचं. किंवा त्याच्या जवळपासचं.”

मागे बादली घेऊन उभा असलेला उकंडा, या हॉलमधला सगळ्यात जुना सेवक, पुटपुटला, “पन या आजीले तर कोनीच नोतं म्हने. गाडीतून घेऊन आलेला मानूस सांगत व्हता, पोटी पोर नाही म्हनून...” कुंदाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. टेबलावरच्या माणसाचं बाहेरचं आयुष्य इथे बोलायचं नाही, हा नियम तिनेच घालून दिला होता. मुलांना फक्त नंबर माहीत असायचे. चार नंबरचं नाव या हॉलमध्ये एकट्या कुंदाला माहीत होतं, कारण तो फॉर्म तिने स्वतः भरून घेतला होता. कोकिळाबाई. फुलसावंगीच्या. तिने खिशातलं पेन काढलं, कार्डावरचा ‘नाही’ हा शब्द सरळ रेघ मारून खोडला आणि पुढच्या टेबलावर गेली. पुढचा तासभर तिने नीट शिकवलं. बीजांडकोश कुठे टेकतो, नळीची झालर त्याच्यावर कशी वाकते, मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून कशी जाते आणि सर्जनचा हात नेमका तिथे कसा चुकतो. आवाज कुठे घसरला नाही. फक्त उजव्या हाताचं ते बोट तिला वेगळं जाणवत राहिलं, काही लागल्यासारखं.

खोलीत येऊन बसल्यावर तिने आधी स्वतःलाच तपासलं. ही तिची सवय होती, जे दिसलं त्याच्या विरुद्ध जेवढं बोलता येईल तेवढं बोलून बघायचं. पिशवी साफ केली असेल कधी? त्याने अशी चीर जात नाही. लवकर पडलेला गर्भ? त्यानेही नाही. म्हातारपणी तोंड आवळतं, आकार बदलतो, हे खरं, पण आवळतं म्हणजे लहान होतं, गोलाचं आडवं होत नाही, आणि तो वण तर कशानेच खोटा पडत नव्हता. बाहेर येणाऱ्या डोक्यानेच तो केलेला होता, आणि कोणी टाका घातला नव्हता. एखाद्या घरात, एखाद्या खाटेवर, बहुतेक आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात लुगड्याचा बोळा धरून. हे शेवटचं शरीराने सांगितलेलं नव्हतं, हे तिने स्वतःच जोडलं, आणि जोडलं हे लक्षात येताच ती थांबली. चहा आला. तो समोर ठेवून ती टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मॉडेलकडे बघत राहिली. बाईच्या ओटीपोटाचा मधोमध उभा कापलेला नमुना, मूत्राशय पिवळं, गर्भाशय गुलाबी, काढून घालता येणारं. ते गुलाबी गर्भाशय तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून कोकिळाबाईंनी हातात धरलं होतं, आणि मग तो सगळा दिवस तिला एकदम आठवला, इतका लख्ख की आपण तो विसरलो कसा होतो याचंच तिला नवल वाटलं.

पौषातला दिवस होता. बाई एकटी आली होती, महागाव, आर्णी करत तीन तास एसटीत बसून. नऊवारी नव्हे, साधं पांढरट पातळ, कपाळ मोकळं. हातातल्या थैलीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या, त्या तिने आल्या आल्या टेबलावर ओतल्या. “उकडून खा. आमच्या वावरातल्या आहेत.” मग म्हणाली, मले माहं शरीर देवाचं आहे. कुंदाला क्षणभर वाटलं ही देवाला देण्याचं म्हणते आहे. मग तिने समजावून सांगितलं, दोन नातेवाइकांच्या सह्या लागतील, घरच्यांची संमती लागेल. बाई हसली. “देतीन ना सही. मी म्हटलं त्यायले, पोटी पोर नाही, अग्नी कोनाच्या हातचा घेऊ? पुतन्या आहे, पन पुतन्याच्या हातचा घेऊन उगा त्याच्या मांगं काहून लागू? त्यायले पटलं.” फॉर्म भरताना कुंदाने विचारलं होतं, मुलं किती? आणि बाईने सरळ डोळ्यात बघून सांगितलं होतं, “लोकं म्हनतात नाही म्हनून.” कुंदाने लिहिलं, नाही. आता तिला ते उत्तर शब्दागणिक ऐकू आलं. लोकं म्हनतात. तिने त्यातला पहिला भाग ऐकलाच नव्हता, कारण कॉलममध्ये त्याला जागा नव्हती.

नंतर बाईने ते मॉडेल जवळ ओढलं होतं. हे काय होय? कुंदाने सांगितलं, तिला सांगायला आवडायचं, ती एकेक भाग काढून दाखवत गेली. “एवढीच असते?” बाईने गर्भाशय तळहातावर ठेवून म्हटलं होतं. “मले वाटे लय मोठी असन. एवढी बदनामी इच्यापायी.” दोघी हसल्या होत्या. मग बाईने विचारलं होतं, अगदी सहज, जशी एखादी भाजीचा भाव विचारते, “पोर झाल्यावर मंग ही पुन्हा पह्यल्यासारखीच होते का?” आणि कुंदाने शिकवल्याच्या सुरात सांगितलं होतं, जवळजवळ होते. तोंडाशी खूण राहते. “रायते?” कायमची राहते, मावशी. “मेल्यावर बी?” मेल्यावरही. “आन तुमी पाह्यसान ते?” सगळं पाहतो. विद्यार्थ्यांना दाखवतो. “घरच्यायले सांगता का मंग?” नाही, घरच्यांना आम्ही काही सांगत नाही, ते आमच्यापाशीच राहतं. बाई बराच वेळ त्या गुलाबी तुकड्याकडे बघत होती. मग तिने तो जागच्या जागी बसवला, पहिल्याच प्रयत्नात, जे मुलांना चार चार वेळा जमत नाही, आणि म्हणाली, “बरं.” एवढंच. कुंदाला तेव्हा वाटलं होतं, किती हुशार बाई आहे. घरी जाऊन मुलाला फोनवर सांगितलंही होतं, क्षितिज, आज एक फार हुशार म्हातारी भेटली. तिच्या समोर बसून एक बाई आयुष्यभर न बोललेली गोष्ट सांगत होती, जेवढी सांगता येईल तेवढी, आणि कुंदा तिला उत्तरं देत होती.

हे तिला लागलं. चूक झाली की ती कबूल करून मोकळी व्हायची, तो तिचा स्वभाव होता, आजही कार्डावर रेघ मारताना तिचा हात अडला नव्हता. पण हे कार्ड नव्हतं. शेंगा उकडून खाल्ल्या होत्या, त्यांची चव आता जिभेवर आली, कोवळी, थोडी तुरट. आणि त्या चवीमागून तिला आई आठवली, जशी ती नेहमी कुठल्याही आडवाटेने यायची. पांढरकवड्याचं घर, वडील श्रीकृष्णराव कोर्टात नाझर, स्वच्छ धोतर, स्वच्छ अक्षर, स्वच्छ बोलणं. त्या घरात शरीराला डोकं होतं, हात होते, पोट होतं, पाय होते. पोट आणि पाय यांच्यामध्ये काही नव्हतं. पाळी आली तेव्हा आईने तिला एक जुनं पातळ फाडून दिलं आणि सांगितलं, केळापूरच्या देवीला चार दिवस जाऊ नकोस, आणि कशामुळे हे सांगितलं नाही. त्याच आईला, पाळी जाऊन सात वर्षं झाल्यावर, पुन्हा रक्त जायला लागलं. दोन वर्षं ती म्हणत राहिली, कंबर दुखते. बाम आला, शेक झाला, गादी बदलली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, नेमका त्रास कुठे आहे, तेव्हा आईने वडिलांकडे पाहिलं आणि वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कुंदा बारावीत होती, दाराशी स्टुलावर बसलेली. त्या कॅलेंडरवर आंब्याचा बहर होता. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, पार पसरलेला. आईकडे त्या जागेसाठी शब्दच नव्हता, आणि जो होता तो शिवी होता, तो ती डॉक्टरसमोर उच्चारणार नव्हती. ती गेल्यावर कुंदाने मेडिकलला नंबर लावला. सर्जरी मिळत असताना तिने शरीररचना घेतली तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं, मेलेल्यांमध्ये काय करशील जन्मभर? तिला नावं हवी होती, सगळी, मोठ्याने. दोन वर्षांपूर्वी गाठींमुळे तिचं स्वतःचं गर्भाशय काढलं तेव्हा तिने सर्जनला बजावलं होतं, मला दाखवल्याशिवाय पॅथॉलॉजीला पाठवायचं नाही, आणि शुद्धीवर आल्यावर ट्रेमध्ये ते बघून ती म्हणाली होती, छान ठेवलं होतं मी याला. नर्स गोंधळून हसली होती. असा तिचा विश्वास होता, की नाव घेतलं की निम्मं काम होतं. आणि समोरच्या खुर्चीत जिवंत बाई नाव न घेता बोलत होती, तर तिला ऐकू आलं नाही.

कोकिळाबाईंनी जन्मभर का सांगितलं नाही, हे मात्र तिला कोड्यात पाडत नव्हतं. सांगितलं असतं, की मला झालं आहे मूल, मी वांझ नाही, तर पहिलाच प्रश्न आला असता, कोणाचं? लग्नाआधी, पंधरा-सोळाव्या वर्षी कधीतरी झालेलं असणार, आणि ते जगलं की गेलं की कोणाच्या घरी वाढलं, हे ती चीर सांगत नव्हती. कुंदालाही ते अंदाजाने भरायचं नव्हतं. तिला फक्त एक दिसत होतं, की नवरा भगवानराव जिवंत असताना तीस-पस्तीस वर्षं या बाईला वैद्यांकडे, दर्ग्यांवर, उपासांना नेलं असेल, आणि ती सगळीकडे गेली असेल, दोष आपल्यात नाही हे स्वतःला पक्कं माहीत असताना. ते जड माहीत असणं कुठे तरी ठेवायला तिने ही जागा निवडली. ठीक आहे, कुंदाने मनाशी म्हटलं. ठेवलं आहे ते इथेच राहील. तिला त्या निर्णयाबद्दल शंका नव्हती, आणि चहा गार झाला होता तो तिने तसाच पिऊन टाकला.

अकरा दिवसांनी उकंडाने दारातून सांगितलं, “फुलसावंगीहून एक बाई आली. चार नंबरच्या आजीची सून म्हनते.” आत आली ती तिशीची मुलगी होती, सलवार-कमीज, गळ्यात छोटं मंगळसूत्र, हातात एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं. तिने नाव सांगितलं, सुरभी. कोकिळाबाईंचा पुतण्या अंकुर, त्याची बायको. मोठ्या आईला जाऊन परवा वर्ष झालं. हार घालायला फोटो असेल का इथे, तिने विचारलं, आणि तसं काही नसतं हे कळल्यावर ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली. कुंदाचं लक्ष पाकिटांकडे गेलं. “ही कोणाची?”

“माह्यीच. इथल्या डॉक्टरकडे आलतो आज. चौथा डॉक्टर आहे हा. सात वर्षं झाली लग्नाले.” तिने पाकीट पुढे केलं, जणू कोणी विचारलं की दाखवायचं ही सवयच झाली होती. कुंदाने एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला. औषध सोडून काढलेला नळ्यांचा फोटो. मध्ये गर्भाशयाचा त्रिकोण, नीट, आणि दोन्हीकडे दोन बारीक पांढऱ्या रेषा, शेवटी धुरासारख्या पसरलेल्या. दोन्ही नळ्या मोकळ्या. खाली सोनोग्राफीचे सहा रिपोर्ट, हार्मोन्सचे चार, सगळे नीट.

“आणि अंकुररावांचा रिपोर्ट?”

सुरभीने मान खाली घातली. “त्यायचा नाही काढला.”

“एकदाही?”

“घरी म्हनतात, त्याले कायले तपासतीन, तो धडधाकट आहे. सासूबाई म्हनतात, या घराले मोठीचं वांझपन लागलं. तिची सावली तुह्यावर पडली, तिच्या हातचं खात होती तू.” तिने एका दमात सांगितलं आणि मग थांबली. कुंदाला कळलं की ही मुलगी हार घालायला आलेली नाही. तिच्या डाव्या पायाचा अंगठा चपलेत सारखा वर-खाली होत होता.

“डॉक्टर मॅडम, एक इचारू? तुमी त्यायच्या आत पाह्यलं असन ना?”

कुंदाने एक्स-रे पाकिटात परत सरकवला. पुढे काय येतं आहे ते तिला दिसलं, आणि आपण अकरा दिवसांपूर्वी किती सहज ठरवून टाकलं होतं तेही दिसलं.

“मोठ्या आईनंच सांगतलं मले,” सुरभी म्हणाली. “जायच्या आधी, आठ दिवस. म्या पाय दाबून देत होती. म्हने, सुरे, मी गेल्यावर वरीसभर थांब. मंग कालेजात जाय. तिथं एक डॉक्टरीनबाई आहे, तिले इचार माह्यात काय सापडलं. तिले म्हन, तुले सांगाची परवानगी मी देली. म्या म्हटलं, आत्ताच सांगा ना. तर म्हने, माह्या तोंडून निघत नाही. सवय नाही तोंडाले.”

कुंदा उठून खिडकीशी गेली. खाली मैदानात मुलं पांढरे कोट हातावर टाकून कॅन्टीनकडे चालली होती, त्यात गुंजन होती, काहीतरी सांगताना दोन्ही हातांनी हवेत एक आकार काढत होती. मुलीचा शब्द खरा मानायचा का? कागद नाही, सही नाही. पण ‘घरच्यांना सांगता का मग’ हा प्रश्न त्या दिवशी या खोलीत दोघींशिवाय कोणी ऐकला नव्हता, आणि परवानगीची गरज आहे हे ज्या बाईला माहीत होतं तीच ती देऊन जाऊ शकत होती. आईच्या वेळी दाराशी स्टुलावर बसून कुंदाने जे ऐकलं होतं ते आठवण्याची तिला गरज पडली नाही. ती परत येऊन खुर्चीत बसली, मॉडेल दोघींच्या मध्ये ओढलं आणि आधी सगळी नावं सांगितली. हा योनिमार्ग. हे गर्भाशयाचं मुख. हे गर्भाशय, या नळ्या, हे बीजांडकोश. तुझं हे सगळं असं आहे, या फोटोत दिसतं तसं, उत्तम आहे. सुरभी बोट ठेवून एकेक नाव पुन्हा म्हणाली, हळू, अडखळत, आणि ‘योनिमार्ग’ म्हणताना तिने दाराकडे पाहिलं पण शब्द गिळला नाही.

“मोठ्या आईंमध्ये कसलाही दोष नव्हता,” कुंदा म्हणाली. “आणि या जागी, मुखाशी, एक खूण होती. ती खूण मूल जन्माला घातलेल्या बाईलाच असते. त्यांना मूल झालेलं होतं, सुरभी.”

सुरभीने मॉडेलमधल्या मुखावर बोट ठेवलं. मग तिने फार साधा प्रश्न विचारला. “कवा?”

“ते शरीर सांगत नाही. फार पूर्वी, एवढंच.”

“पोरगा का पोरगी?”

“तेही नाही सांगत.”

सुरभीचे डोळे भरले, पण ती रडली नाही, तिचा चेहरा उलट घट्ट होत गेला. “ढाणकीले जात होत्या,” ती म्हणाली. “मायेर त्यायचं. भाऊ वारला, घराले कुलूप लागलं, तरी दर वरसाले एक दिवस जायच्याच. एकल्याच. कोनी इचारलं तर म्हनत, बाजार पाहून येतो. रिकाम्या हातानं परत येत.” ती बोलता बोलता थांबली. “आमच्या लग्नात त्यायले हळद लावू देली नाही मॅडम. मंडपाच्या मांगं भाजी निवडत बसल्या. म्या पाह्यलं होतं, आन मले बी तवा ते बरोबरच वाटलं.” मग एकाएकी तिचा आवाज वर गेला. “त्यायले ठाऊक होतं! सारा जनम ठाऊक होतं त्यायले, का आपल्यात काही नाही!”

“हो.”

“म्हनजे मोठ्या बाबात होतं. आन आता...”

“थांब,” कुंदा म्हणाली, कारण पुरावा जेवढा आहे त्यापलीकडे कोणाला जाऊ द्यायचं नाही हे तिच्या हाडात होतं. “त्यांच्यात होतं म्हणून अंकुरमध्ये असेलच असं नाही. तुझ्या रिपोर्टवरून मी एवढंच सांगू शकते की तुझ्याकडे शोधायचं आता काही उरलेलं नाही. दुसरीकडे कोणी शोधलेलंच नाही. साधी तपासणी आहे, सुई नाही, कापाकापी नाही. त्याला घेऊन ये.”

“येनार नाहीत ते.”

“तू काय सांगशील त्यावर आहे.”

सुरभीने पाकिटं गोळा केली, एकावर एक नीट रचून. मोठ्या आईचं ते मी घरी सांगनार नाही, ती म्हणाली, ते मले देलं त्यायनं, घराले नाही देलं. आणि दारापर्यंत जाऊन ती परत आली, मॉडेलमधल्या गर्भाशयावर दोन बोटं ठेवली, ती बोटं कपाळाला लावली आणि गेली. कुंदा अशा गोष्टींना हसणारी बाई होती. ती हसली नाही.

नंतरचे दिवस नेहमीसारखे गेले. ओटीपोटाचं विच्छेदन संपलं, मुलं मांडीच्या विच्छेदनाकडे वळली. चार नंबरच्या टेबलाजवळ उभी राहून शिकवताना कुंदाला आता अवघडल्यासारखं वाटत नव्हतं, ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ तिथे थांबायची एवढंच. कोकिळाबाईंनी तिच्या न ऐकण्याचा हिशेब ठेवला नव्हता. आपल्याला काय हवं ते नेमकं ठरवून, पुतण्याकडून सही, सुरभीकडून वर्षभराची वाट आणि कुंदाकडून उत्तर, अशी तीन माणसांकडून तीन वेगळी कामं करून घेऊन ती गेली होती, आणि त्यातलं कुंदाचं काम तिने नीट केलं होतं. मात्र सुरभीचा फोन येईना. दोन महिने झाले. कधी कधी वर्गात बोलता बोलता तिला शंका यायची, की ती मुलगी घरी जाऊन गप्प बसली असेल. सात वर्षांची सवय. पण ही शंका फार टिकत नव्हती, ‘योनिमार्ग’ हा शब्द दाराकडे बघूनही पुरा म्हणणारी मुलगी तिला पुन्हा दिसायची.

कापूस निघायच्या दिवसांत, एका मंगळवारी दुपारी, ती दोघं आली. अंकुर उंच, खांद्याने जरा वाकलेला, मोटरसायकलवर तीन-साडेतीन तास बसून आल्याने केसात धूळ. तो खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला. सुरभीने लिफाफा टेबलावर ठेवला. सकाळीच इथे यवतमाळच्या लॅबमध्ये दिलेला नमुना, आताच मिळालेला कागद. कुंदाने वाचला. जिथे लाखांनी आकडा असायला हवा तिथे मोजके हजार होते, तेही संथ. तिने शब्द गुळगुळीत न करता सांगितलं. शुक्राणू फार कमी आहेत. कारण शोधावं लागेल, कधी कधी एखादी फुगलेली शीर असते, कधी हार्मोन्स. उपाय होतो, कधी होत नाही. मी यातली डॉक्टर नाही, नाव देते त्यांच्याकडे जा. पण मूल होत नाही याचं कारण आजवर जिथे शोधलं तिथे नव्हतं, इथे होतं, हे या कागदावर स्पष्ट आहे.

अंकुरने कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. “मोठ्या आईत काय सापडलं?” त्याने अचानक विचारलं. “ही म्हने, आधी तपासनी करून या, मंग तुमाले सांगतो, आन आता सांगेचना.” सुरभी कुंदाकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

“सगळं जागच्या जागी सापडलं,” कुंदा म्हणाली. “काही खराब नव्हतं.”

त्याने कागदाची घडी केली. ती खिशात घातली. मग तो बाहेर गेला, आणि कुंदाला वाटलं, गेला, आता मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज येईल. आवाज आला तो त्याच्या बोलण्याचा. व्हरांड्यात खांबाशी उभा राहून त्याने फोन लावला होता. या भिंतींमध्ये रेंज कधीच धड मिळत नसे. “आई,” तो म्हणाला, “रिपोर्ट आला. सुरभीत काही नाही. माह्यात आहे.” पलीकडून काही कळलं नसावं. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. “माह्यात आहे म्हटलं, आई. माह्यात.” वर्ग नुकताच सुटला होता. पांढऱ्या कोटातली मुलंमुली जिन्यावरून खाली येत होती, गुंजन त्यात होती, उकंडा किल्ल्यांचा जुडगा घेऊन हॉल लावायला निघाला होता, आणि ती सगळी त्याच्या जवळून चालली होती. अंकुरने त्यांच्याकडे पाहिलं. कुंदाला दिसलं की त्याला खांबामागे सरकायचं होतं, एक पाऊल सरकलाही, आणि मग तो पुन्हा उजेडात आला, जिथे रेंज होती.

“नाही, कोनी शिकवलं नाही मले,” तो ओरडून म्हणाला. “दोष माह्यात आहे! ऐकू आलं का? माह्यात! तिले आजपासून कोनी काही म्हनाचं नाही!”

मुलं जिन्यावरच थबकली. सुरभी उठली, पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि बाहेर जाऊन त्याच्या समोर धरली.